बागुलबुवा आणि मतपेटी

अमेरिकेत अध्यक्षांची चार वर्षांची कारकीर्द निम्म्यावर आली की प्रतिनिधिगृहाच्या सर्व ४३५ आणि सिनेटच्या सुमारे एक-तृतीयांश जागांसाठी मतदान होते. भारतात ‘मध्यावधी’ म्हटले की मुदतीपूर्वी कोसळलेले सरकार डोळ्यांपुढे येते; तेथे ही निवडणूक ठरल्या दिवशी होते आणि अध्यक्षांच्या आसनाला तिचा थेट धक्का लागत नाही. या निवडणुकीचा हंगाम जवळ आला की तेथील नभोवाणीवरील उजव्या विचारांच्या भाष्यकारांच्या तोंडी एक शब्द वारंवार येऊ लागतो. तो म्हणजे समाजवाद. डेमोक्रॅटिक पक्षाला मत म्हणजे समाजवादाला मत, हे त्यांचे सूत्र. डेमोक्रॅट हरले की जनतेने समाजवाद झिडकारला आणि जिंकले की जनता समाजवादाला भुलली, असे निदान तयारच असते. रोग कोणताही असो, निदान एकच, अशा वैद्याविषयी जी शंका घ्यावी तीच या भाष्यकारांविषयी घेणे भाग आहे.

या शब्दाने भीती घालण्याची रीत नभोवाणीने शोधून काढलेली नाही. फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत १९३५ साली वृद्धापकाळच्या निवृत्तिवेतनाचा, म्हणजे सोशल सिक्युरिटीचा, कायदा झाला. पुढच्याच वर्षी आल्फ्रेड स्मिथ यांनी रूझवेल्ट यांच्या धोरणांवर समाजवादाचा शिक्का मारला. आणि हे स्मिथ १९२८ साली डेमोक्रॅटिक पक्षाचेच अध्यक्षपदाचे उमेदवार होते. लोकहिताच्या प्रत्येक सुधारणेपुढे विरोधक हेच बुजगावणे उभे करतात, अशी तक्रार अध्यक्ष ट्रूमन यांनी १९५२ साली सिरॅक्यूज येथे केली. १९६१ साली डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेने रोनाल्ड रेगन या नटाच्या आवाजात एक ध्वनिमुद्रिका काढली. वृद्धांना सरकारी आरोग्यविमा दिला तर त्यामागून समाजवाद येईल आणि स्वातंत्र्य जाईल, असा तिचा आशय होता. १९६५ साली मेडिकेअर हा विमा आला. स्वातंत्र्य गेले नाही. १९८१ साली रेगन स्वतः अध्यक्ष झाले. त्यांनी मेडिकेअर मोडले नाही, आणि १९८३ साली सोशल सिक्युरिटीचा आर्थिक पाया सावरणाऱ्या कायद्यावर सहीही त्यांनीच केली.

त्यांच्याच कारकिर्दीत आणखी एक निर्णय झाला. वादग्रस्त सार्वजनिक प्रश्नांवर परस्परविरोधी मतांना वाव देण्याचे जे बंधन प्रक्षेपण केंद्रांवर १९४९ पासून होते, ते केंद्रीय दळणवळण आयोगाने १९८७ साली उठविले. संगीताचे श्रोते एव्हाना एफएम केंद्रांकडे वळले होते आणि एएम केंद्रांना वेळ भरून काढणारा स्वस्त कार्यक्रम हवा होता. १९८८ पासून रश लिंबॉ यांचा तीन तासांचा कार्यक्रम देशभर ऐकू येऊ लागला. १९९४ च्या मध्यावधी निवडणुकीत रिपब्लिकनांना चाळीस वर्षांनी प्रथमच प्रतिनिधिगृहात बहुमत मिळाले, तेव्हा त्यांच्या नवनिर्वाचित सदस्यांनी लिंबॉ यांना आपल्यातले मानद सदस्य करून घेतले. २०२१ साली लिंबॉ वारले. त्यांची धाटणी मागे राहिली. या धंद्याचे गणित सोपे आहे. रोज तीन तास श्रोता खिळून राहिला तरच जाहिराती मिळतात. निवृत्तिवेतन निधीचा हिशेब ऐकायला तो तीन तास बसणार नाही. आपले घरदार लुटले जाणार या भीतीने बसेल.

निवडणुकांचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. गेल्या शंभर वर्षांत अध्यक्षांच्या पक्षाला मध्यावधी निवडणुकीत प्रतिनिधिगृहातील जागा वाढवून मिळाल्या त्या केवळ १९३४, १९९८ आणि २००२ या तीन वर्षी. एरवी सत्ताधारी पक्ष कोणताही असो, फटका ठरलेला. २०१० साली, ओबामा यांचा आरोग्यविमा कायदा झाल्यावर, डेमोक्रॅटांनी ६३ जागा गमावल्या. तो समाजवादाचा पराभव म्हणून गाजला. त्या वेळी बेकारी साडेनऊ टक्क्यांच्या आसपास होती, याचा उच्चार कमी झाला. २०१८ च्या ऑक्टोबरात ट्रम्प यांच्या आर्थिक सल्लागार मंडळाने समाजवादाच्या तोट्यांवर स्वतंत्र अहवालच प्रसिद्ध केला. दोनच आठवड्यांनी रिपब्लिकनांनी सुमारे ४० जागा गमावल्या. आणि १९३४ हे वर्ष तर रूझवेल्ट यांच्या धोरणांच्या ऐन भराचे! जे कारण प्रत्येक निकालाला जोडता येते, ते कोणत्याच निकालाचा उलगडा करीत नाही.

मतदारांचे मन जाणण्याची अधिक भरवशाची जागा त्याच मतपत्रिकेवर आहे. काही राज्यांत नागरिकांना सह्या गोळा करून एखादा प्रश्न थेट मतदानास आणता येतो. गरिबांसाठी असलेला मेडिकेड हा सरकारी आरोग्यविमा अधिक लोकांना खुला करण्याची तरतूद ओबामा यांच्या कायद्यात होती. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती स्वीकारणे राज्यांच्या मर्जीवर सोडले आणि अनेक रिपब्लिकन राज्यकर्त्यांनी ती नाकारली. २०१८ च्या मध्यावधी निवडणुकीच्याच दिवशी आयडाहो, नेब्रास्का आणि युटा या पक्क्या रिपब्लिकन राज्यांत हा प्रश्न मतदारांपुढे आला आणि तिन्ही ठिकाणी विस्ताराच्या बाजूने कौल मिळाला. २०२२ साली साउथ डकोटात रिपब्लिकन गव्हर्नर पुन्हा निवडून आल्या आणि त्याच दिवशी मेडिकेडचा विस्तारही संमत झाला. २०२० साली फ्लॉरिडाने ट्रम्प यांना मते दिली आणि किमान वेतन टप्प्याटप्प्याने ताशी १५ डॉलर करण्याची दुरुस्तीही साठ टक्क्यांहून अधिक मतांनी मान्य केली. या मतदारांचा गोंधळ झाला होता असे नव्हे. शब्द पुढे केला तेव्हा त्यांनी तो नाकारला. वस्तू पुढे केली तेव्हा ती स्वीकारली.

टेक्सासात मात्र नागरिकांना असा प्रश्न आपणहून राज्यव्यापी मतदानास आणता येत नाही. तेथील राज्यकर्त्यांनी मेडिकेडचा विस्तार केला नाही, आणि विमा नसलेल्यांचे प्रमाण सर्वाधिक असलेले राज्य म्हणून टेक्सासचे नाव वर्षानुवर्षे घेतले जात आहे. मुलेबाळे नसलेल्या धडधाकट गरिबाला तेथे मेडिकेड मिळत नाही. आणि उत्पन्न दारिद्र्यरेषेच्याही खाली असल्यामुळे खाजगी विम्यावरचे केंद्रीय अनुदानही मिळत नाही. म्हणजे अधिक कमावणाऱ्यास मदत आणि कमी कमावणाऱ्यास काहीच नाही! भीतीच्या शब्दाची किंमत ध्वनिक्षेपकापुढे बसलेला भाष्यकार मोजत नाही. ती हा मनुष्य रुग्णालयाच्या दारात मोजतो.

याचा अर्थ सरकारी खर्चावरचे सारेच आक्षेप पोकळ आहेत असा नव्हे. कर कोणी भरावा, कर्ज किती काढावे, सरकारी विम्यामुळे उपचारांचा खर्च फुगतो काय, हे प्रश्न खरे आहेत. सोव्हिएत संघराज्यात संपूर्ण सरकारी मालकीने काय अनर्थ केला, हेही खरे आहे. पण ‘द रोड टू सर्फडम’ या १९४४ च्या ग्रंथात समाजवादावर कठोर टीका करणाऱ्या हायेक यांनीही आजार व अपघात यांसाठी सामाजिक विम्याची व्यवस्था उभारण्यास शासनाने साहाय्य करण्यास हरकत नाही, असे लिहिले. मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ साली गरिबांच्या हाती रोख रक्कम देणाऱ्या उलट्या आयकराची योजना मांडली. नभोवाणीची व्याख्या लावली तर हे दोघेही समाजवादी ठरतील. उजव्या विचाराची खरी हानी त्याच्या या कैवाऱ्यांनीच केली आहे.

डाव्यांनीही हा शब्द सैल केला आहे. यूजीन डेब्स यांना १९१२ साली सुमारे नऊ लाख मते मिळाली, तेव्हा समाजवाद म्हणजे रेल्वे, खाणी आणि मोठे उद्योग समाजाच्या मालकीचे करणे. बर्नी सँडर्स स्वतःस लोकशाही समाजवादी म्हणवितात आणि दाखला देतात डेन्मार्कचा, जेथील बहुतेक उद्योग खाजगीच आहेत. २०२५ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या महापौरपदी निवडून आलेले झोहरान ममदानी हेही स्वतःस याच नावाने ओळखतात. त्यांच्या प्रचाराचा भर मोफत बस, बालसंगोपन आणि घरभाड्याला आळा यांवर होता. २०२३ साली प्रतिनिधिगृहाने समाजवादाचा निषेध ३२८ विरुद्ध ८६ मतांनी केला आणि त्यात १०९ डेमोक्रॅटही सामील झाले. सोशल सिक्युरिटीच्या एका डॉलरलाही त्यामुळे धक्का लागला नाही.

भारतात याच शब्दाचे नशीब उलटे निघाले. १९७६ साली तो घटनेच्या सरनाम्यात गेला, आणि १९८९ पासून नोंदणी मागणाऱ्या प्रत्येक पक्षाला त्याच्यावर निष्ठा जाहीर करावी लागते. खाजगीकरणाचे पुरस्कर्तेही ती मुकाट्याने करतात. एका देशात शिवी आणि दुसऱ्या देशात स्तोत्र झालेला शब्द विचाराच्या कामाचा उरत नाही. म्हणून अमेरिकेतील मध्यावधी निवडणुकीचा अर्थ लावताना कोणाचा शब्द जिंकला हे पाहू नये. पैसा कोणाकडून घेतला जाणार, कोणाला मिळणार आणि कोण वगळला जाणार, हे तीन प्रश्न विचारावेत. आयडाहोच्या मतदारांना ते सरळ विचारले गेले, आणि त्यांनी सरळ उत्तर दिले.