चार ओळींचे मालक

फ्रान्सला वाइन चाखायला निघालो आहे, असे सांगितल्यावर आमच्या परिचितांत दोन तट पडले. एकाला वाटले, निवृत्तीनंतर माणूस बिघडला. दुसऱ्याला वाटले, फार उशिरा सुधारला. दोघांनीही मनावर घेऊ नये. बरगंडीत दिवसभर वाइन चाखायची म्हणजे मुख्यतः ती थुंकायची. चक्क पिकदाणी ठेवलेली असते, आणि भली भली माणसे तिच्यात अचूक नेम धरतात. सौ.ला हे प्रकरण शेवटपर्यंत रुचले नाही.

सकाळी बोन शहराजवळच्या एका खेड्यात, तळघरात लाकडी पिंपांमध्ये उभे राहून मी दोन पेले चाखले. द्राक्ष एकच, पिनो न्वार. वर्ष तेच, करणारा हात तोच. बागांमध्ये अंतर फक्त एका गाडीवाटेचे. तरी एक पेला करवंदासारखा हलका आणि दुसरा जांभळासारखा जीभ धरणारा. दुसऱ्याची किंमत पहिल्याच्या तिप्पट! उतार किती, चुनखडी किती, पाणी कुठे मुरते, यावरून या मुलखात जमिनीचे 1247 तुकडे नावानिशी ओळखले जातात. त्यांना क्लिमा म्हणतात. 2015 मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला.

दुपारी क्लो द वूजो पाहिले. सिस्टर्शियन साधूंनी लावलेली, दगडी भिंतीने वेढलेली सुमारे 50 हेक्टरांची, म्हणजे सव्वाशे एकरांची ही बाग. राज्यक्रांतीत ती साधूंकडून गेली, तरी 1889 पर्यंत एकसंध राहिली. मग तुकड्यांनी विकली गेली. आज तिचे ऐंशीच्या आसपास मालक आहेत. कुणाच्या वाट्याला काही एकर, कुणाच्या वाट्याला वेलींच्या चार ओळी.

इथे माझ्यातला जुना बँकवाला जागा झाला. निफाड तालुक्यात द्राक्षबागांना कर्जे देताना सातबाऱ्यावरची वाढत जाणारी नावे मी पाहिली आहेत. 1947 चा तुकडेबंदीचा कायदा पुस्तकात होता आणि बांध शेतात पडत होते. तुकडा पडला की शेती आतबट्ट्याची, हे आमचे सूत्र. शिवाय कर्जाच्या अर्जात एकरी उत्पादन किती वाढणार, हा पहिला प्रश्न. बरगंडीत हेक्टरी किती पीक घ्यायचे याला कायद्याने वरची मर्यादा! कमी पिकवा, पण त्या मातीचे नाव राखा. त्या नावापायी तुकडा लहान होऊनही त्याचे मोल चढत गेले.

इतके चढले की आता तेच अंगाशी आले आहे. सर्वोच्च दर्जाच्या बागांची सरासरी किंमत हेक्टरी 60 लाख युरोंच्याही वर गेली आहे. फ्रान्सचा कायदा मुलांना वारसाहक्काबाहेर ठेवू देत नाही, आणि वारसा कर चढत चढत 45 टक्क्यांपर्यंत जातो. ज्याला बाग कसायची त्याने भावंडांचे हिस्से बाजारभावाने फेडायचे आणि कर वेगळा भरायचा. मग विकण्यावाचून गत्यंतर राहत नाही. घेणारे कोण? 2014 मध्ये क्लो दे लाँब्रे ही बाग एलव्हीएमएच या चैनीच्या वस्तूंच्या कंपनीने घेतली. 2017 मध्ये शेजारची क्लो द तार पिनो कुटुंबाच्या आर्तेमिसकडे गेली. पैसा आला, बागा देखण्या राहतील, हे मान्य. पण छाटणीला स्वतः वाकणारा मालक त्यात उरत नाही, आणि मला हे नुकसान मोठे वाटते.

रात्री एका बागाईतदाराच्या घरी जेवलो. चीज घातलेले गरम गुजेर सौ.ने आवडीने खाल्ले. तांबड्या वाइनमध्ये शिजवलेली अंडी मात्र माझ्या ताटात आली. यजमानांची वूजोत अर्धा एकर, वर्षाला जेमतेम 900 बाटल्या. तीन मुले; दोघे पॅरिसला, बाग हवी आहे ती मुलीला. मी सवयीने कागदी रुमालावर दोन हिश्श्यांच्या कर्जाचा वीस वर्षांचा हप्ता मांडला. तारण भरभक्कम, परतफेडीची ताकद तोळामासा. बागेचा खर्च वजा जाता उरणारी रक्कम हप्त्याला पुरेना.

यजमानांनी आकडे दोनदा वाचले, रुमाल घडी घालून खिशात ठेवला आणि एप्वासचे चीज मागवले. त्याच्या दर्पाने सौ. खिडकीकडे सरकली. सुक्या बोंबलांच्या घरात वाढलेल्या मला मात्र दुसऱ्यांदा वाढले ते मुलीनेच.