तुमच्या आधारवर दुसऱ्याचाच अर्ज? ओळख चोरीला गेली तर काय कराल

‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचा अर्ज भरणाऱ्या खारघरच्या एका महिलेला २०२४ मध्ये कळले, की तिच्या आधार क्रमांकावर आधीच अर्ज भरला गेला आहे. तपासाचा धागा थेट सातारा जिल्ह्यात निघाला. वेगवेगळ्या महिलांचे आधार क्रमांक वापरून सुमारे ३० अर्ज भरल्याच्या आरोपावरून तेथील एका जोडप्यावर गुन्हा दाखल झाला.

या महिलेचा हक्काचा अर्ज अडला. ओळखचोरीत बँक खाते रिकामे होतेच असे नाही. तुमच्या नावावर सिमकार्ड, कर्ज किंवा सरकारी लाभ दुसराच घेतो आणि तुम्हाला ते महिनोन्‌महिने कळतही नाही.

कळवणमध्ये धोका कुठे?

कळवण आदिवासीबहुल तालुका आहे. लाडकी बहीण, शिष्यवृत्ती, शिधापत्रिका, शेतकरी ओळख क्रमांक अशा प्रत्येक कामाला आधार लागते. अभोणा, कनाशी, दळवट भागातून आलेला माणूस अर्ज स्वतः भरत नाही. झेरॉक्सवाला, सेतू केंद्र किंवा ओळखीचा तरुण भरून देतो. आधारची झेरॉक्स, पासबुकाचे पान आणि कधी कधी ओटीपीही त्याच्याकडेच जातो.

दुसरा धोका अंगठ्याचा. आधारवर आधारित पैसे काढण्याच्या सोयीत ओटीपी लागत नाही. आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि अंगठा पुरतो. दस्तनोंदणीच्या कागदांवरील ठशांची नक्कल करून खात्यातून पैसे काढल्याचे प्रकार देशात उघड झाले आहेत.

तिसरा धोका बनावट संकेतस्थळांचा. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली आणि लगेच हुबेहूब दिसणारी खोटी संकेतस्थळेही आली.

आधी काय कराल?

• आधारचे बायोमेट्रिक लॉक करा. त्यासाठी मोबाईल क्रमांक आधारला जोडलेला हवा. लॉक असताना रेशन दुकानातही अंगठा चालणार नाही. तेव्हा तात्पुरते अनलॉक करा.
• चालत असेल तिथे ‘मास्क्ड आधार’ द्या. त्यात पहिले ८ अंक झाकलेले असतात.
• झेरॉक्सवर तारीख आणि कामाचे नाव लिहा. बिघडलेली प्रत दुकानात सोडू नका.
• ‘संचार साथी’वर तुमच्या नावावर किती सिमकार्ड आहेत ते पाहा. अनोळखी क्रमांकाची तक्रार तिथेच करता येते.
• सिबिलसह चारही पतमापन संस्थांकडून वर्षातून एकदा अहवाल मोफत मिळतो. न घेतलेले कर्ज त्यातच दिसते.
• आधार कुठे वापरले गेले याची मागील सहा महिन्यांची नोंद आधारच्या संकेतस्थळावर पाहता येते.

चोरी झालीच तर?

१. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार गेली, तर ते गोठवता येण्याची शक्यता वाढते.
२. बँकेला कळवा आणि तक्रार क्रमांक घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक तुमची किंवा बँकेची नसून त्रयस्थाने व्यवहार केला असेल आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवले, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. ओटीपी स्वतः दिला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान तुमचेच.
३. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. आधारच्या गैरवापरासाठी १९४७ हा क्रमांक आहे.
४. संदेश, स्क्रीनशॉट, पासबुकाची नोंद जपून ठेवा. फोन ‘रिसेट’ करण्याची घाई नको.
५. कळवण पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. आरोपी दुसऱ्या जिल्ह्यातला असला तरी ‘झिरो एफआयआर’ नोंदवता येतो.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क नुसार ओळखचोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

जबाबदारी एकट्या नागरिकाची नाही

‘ओटीपी सांगू नका’ हा सल्ला योग्यच, पण अपुरा. ज्या आजीला अर्ज वाचता येत नाही, तिला सावध राहा सांगून यंत्रणा मोकळी होऊ शकत नाही. कागद मागते सरकार. ते कुठे पडून राहतात याचा हिशेबही सरकारनेच ठेवला पाहिजे.

तालुका पातळीवर तीन गोष्टी सहज शक्य आहेत. प्रत्येक अंगठ्यामागे छापील पावती सक्तीची करावी आणि त्यावरील रक्कम ग्राहकाला मराठीत वाचून दाखवावी. अर्ज भरणाऱ्या केंद्रांनी काम झाल्यावर झेरॉक्स परत द्याव्यात. तहसील आणि आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने आठवडे बाजाराच्या दिवशी बायोमेट्रिक लॉक करून देणारे टेबल लावावे. घरात स्मार्टफोन वापरणाऱ्या तरुणांनी तोवर वाट पाहू नये. आई-वडिलांचे आधार लॉक करायला पाच-दहा मिनिटे पुरतात.