नऊ गाड्या, तेवीस माणसं

परवा नगरला भाच्याच्या मुलाची मुंज झाली. छान झाली. पुण्याहून आपण तेवीस जण गेलो होतो. हे वाचणारे निम्मे तुम्हीच आहात, तेव्हा आधीच सांगते, कुणी रागवू नका. मंगल कार्यालयाच्या बाहेर मी सहज गाड्या मोजल्या. आपल्या तेवीस जणांच्या नऊ गाड्या! त्यातल्या एका गाडीत पुढे लेक आणि मागच्या सीटवर मी, माझी पिशवी आणि आहेराचं पातेलं. म्हणजे मीही त्यातलीच.

येताना वाघोलीला तासभर अडकलो. शेजारी एक एसटी उभी होती, लाल डबा. आत माणसं दाटीवाटीनं बसलेली, एक बाई खिडकीशी मुलाला शेंगा सोलून देत होती. आमच्या पुढे-मागे, जिकडे बघावं तिकडे एकेक-दोनदोन माणसांच्या गाड्या. मला वाटलं, या एसटीनं रस्त्यावरची अडीच-तीन गाड्यांची जागा घेतलीय आणि चाळीस माणसं नेतेय. मग नक्की कुणी कुणाला अडवलंय?

मी मराठी-इतिहासाची शिक्षिका, पण शाळेत गणिताला माणूस नसला की अंकगणितही शिकवलंय. घरी आल्यावर वही काढली. पुणे-नगर साधारण 120 किलोमीटर. आपली गाडी लिटरला 15 किलोमीटर जाते असं धरलं तर एका वेळचं आठ लिटर पेट्रोल. नऊ गाड्यांचं 72 लिटर. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो (लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलो, मग धूर त्याहून जड कसा, असं नातवानं विचारलं. अरे बाबा, त्यात हवेतला ऑक्सिजन येऊन मिळतो!). म्हणजे आपला एका वेळचा हिशोब 165 किलोंचा, माणशी सात किलोंहून जास्त.

आता एसटी. लिटरला पावणेपाच-पाच किलोमीटर धरलं तर 25 लिटर डिझेल. डिझेलचा धूर थोडा जास्त, लिटरला 2.7 किलोच्या आसपास. सगळे मिळून 67-68 किलो. चाळीस माणसं असली तर माणशी पावणेदोन किलोसुद्धा नाही. आपण तेवीसच जण अख्खी बस करून गेलो असतो तरी माणशी तीन किलोंच्या आत बसलं असतं.

जावई म्हणाले, "आई, बसमध्ये दहाच माणसं असली तर?" खरं आहे. दहा माणसांची बस म्हणजे माणशी पावणेसात किलो, त्यापेक्षा चौघं भरून नेलेली गाडी बरी. मी काही एसटीची आंधळी भक्त नाही. पण यात एक गोम आहे. ती दहा माणसांची बस आपण बसलो नाही तरी जाणारच असते. आपण चढलो म्हणून तिला फार तर चमचाभर डिझेल जास्त लागेल. न चढता गाडी काढली, तर तिचा धूर आहेच आणि वर आपल्या आठ लिटरांचा. रिकाम्या सीटचा हिशोब म्हणूनच मला जास्त टोचतो.

रेल्वे याहून चांगली, कबूल. पण पुण्याहून नगरला रेल्वे दौंडावरून वळसा घेऊन जाते, आणि खेडोपाडी तर रूळच नाहीत. तिथे एसटीच. नवलाची गोष्ट म्हणजे एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 ला धावली ती याच पुणे-नगर रस्त्यावर. आणि 1 जून 2022 ला विजेवरची पहिली 'शिवाई' धावली तीही इथेच. विजेच्या बसला रस्त्यावर धूर नाही. अर्थात आपली बरीचशी वीज अजून कोळशाची, म्हणजे इथला धूर चंद्रपूरकडे गेला असंही म्हणता येईल. तरी चाळीस माणसांत वाटून घेतलेली वीज ती!

मी नोकरीतली बावीस वर्षं एसटीनं अप-डाउन केलं. पासावरचा फोटो काळा पडेपर्यंत. तेव्हा पर्यावरण वगैरे शब्द फक्त प्रश्नपत्रिकेत असायचा. आम्हाला दुसरं वाहनच नव्हतं, यात पुण्य कसलं? माझ्या वर्गातल्या लांबच्या मुली त्याच गाडीनं यायच्या. आजही गावाकडच्या मुलींना पाचवी ते बारावी शाळेसाठी मोफत पास मिळतो. 2021-22 च्या संपात गाड्या महिनोन्महिने उभ्या होत्या, तेव्हा आपलं काही अडलं नाही. आपल्या दारात गाडी होती. अडलं ते या मुलींचं. ज्यांना परवडतं त्यांनी बस सोडली की बस रिकामी होते, रिकामी झाली की फेरी कमी होते, आणि मग उरलेलेही कर्ज काढून मोटरसायकल घेतात. धूर वाढतो तो असा.

आता माझ्या लेकीचं म्हणणंही मांडते, नाहीतर ती खाली प्रतिक्रियेत लिहीलच. "आई, तुझे गुडघे बघ. बसची पहिली पायरी केवढी उंच! स्टँडवर बसायला जागा नाही, स्वच्छतागृहात जाववत नाही." यातलं एकही खोटं नाही. गेल्या वर्षी चढताना माझा हात सुटला होता. मागच्या कॉलेजातल्या पोरानं धरलं म्हणून निभावलं. तेव्हापासून घरात ठरलंच आहे की आजीनं बसनं जायचं नाही. मी ऐकते. पण ऐकताना दर वेळी वाटतं, पायरी खाली आणा, स्वच्छतागृहं धुवा असं आपण कधी कुणाला लिहून दिलंय का? ते सोडून आपण सरळ गाडी घेतली. मीही घेऊ दिली. हप्त्याला माझ्या पेन्शनमधले पैसेसुद्धा दिलेत!

असो. येत्या माघात नगरलाच कुलधर्म आहे. पुढच्या वर्षी पंचाहत्तरी भरली की माझं तिकीट फुकट, तूर्त अर्धं. बायकांना तर 2023 पासून सगळ्यांनाच अर्धं आहे. मी एसटीनं जायचं ठरवलंय, लेकीला हे इथेच कळतंय. ज्यांना बरोबर यायचंय त्यांनी रविवारपर्यंत फोन करा, आरक्षण एकदम करून टाकते. शेंगा मी आणीन. पायरीवर हात द्यायला कुणीतरी एक जण मात्र माझ्या मागे राहा.