इस्त्रीचा दर आणि घरचा तास

अमरावती-अकोल्याकडील व्यापारी घरांत दुकानातील गुमास्त्याचा पगार वहीत न चुकता लिहिला जातो. त्याच घरातील गृहिणीने इस्त्रीचे काम सुरू केले, की तिचे श्रम मात्र हिशेबाबाहेर राहतात. ‘जागा घरची, हात घरचे, खर्च तो कोणता?’ असे म्हणून शेजारच्यापेक्षा एक रुपया कमी दर ठरतो. चूक तेथेच होते.

१००० वॅटची इस्त्री तासभर सलग चालली, तर एक युनिट वीज लागते. समजा, युनिटला १० रुपये पडले आणि तासात १२ सदरे झाले, तर सदऱ्यामागे विजेचा खर्च एक रुपयाहूनही कमी. सदऱ्याला ६ रुपये घेतल्यास ७२ रुपये येतात. वीज वजा जाता ६२ उरतात. परंतु कपडे आणणे, मोजणे, खुणा करणे आणि पोचवणे यांत आणखी अर्धा तास जातो. दीड तासाचे ६२, म्हणजे तासाला जेमतेम ४१ रुपये. एखादा कपडा जळाल्यास त्याची भरपाईही यातूनच. शिवाय वैशाखातील वऱ्हाडी उन्हात तापल्या इस्त्रीपाशी उभे राहणे आहेच.

म्हणून आधी तासाचे मोल ठरवावे, मग नगाचा दर. खळ दिलेल्या सुती साडीला तीन सदऱ्यांचा वेळ लागत असेल, तर तिचा दरही तिप्पट असावा. घरपोच देण्याचे पैसे वेगळे घ्यावेत. गुमास्त्याच्या पगाराशेजारी गृहिणीचे तास लिहिले गेले, तरच वहीतील नफा खरा.