शेजारची सीट

"शनिवारी केप मेला जेवायला जाऊ. तासाभरात पोचतो आपण." मित्राचा हा निरोप आला तेव्हा मी न्यू जर्सीत, एडिसनला बहिणीकडे होते. हा माझा कॉलेजपासूनचा मित्र. चाळिशी उलटल्यावर त्याने पायलटचं लायसन्स काढलं आणि आता तिघांच्या भागीत एक जुनं सेसना १७२ घेतलं आहे. चार सीटचं, एका इंजिनाचं. प्रिन्स्टनजवळच्या छोट्या विमानतळावर ते उघड्यावरच बांधून ठेवलेलं असतं. गाडीने केप मे हे किनाऱ्यावरचं गाव दोन तासांच्या वर आहे.

घरात लगेच चर्चा सुरू झाली. भाचा म्हणाला, "मावशी, असा चान्स सोडतात का?" नवरा गप्प बसला. तो गप्प बसला की त्याचा अर्थ मला कळतो. बहीण म्हणाली, "आता एवढं प्रेमाने बोलावतोय तर नाही कसं म्हणणार? वाईट वाटेल त्याला."

बहिणीचं म्हणणं मला सगळ्यात जास्त खटकलं. लग्नाला जायचं, बारशाला जायचं, कुणाच्या आग्रहाखातर तिसरी पोळी घ्यायची, हे आपण भिडेखातर करतो आणि त्यात कुणाचं काही बिघडत नाही. हवेत तीन हजार फुटांवर जायचं की नाही, हे भिडेखातर ठरवणं मला पटेना. जायचं तर विचार करून, नाही जायचं तर तेही विचार करून.

पहिला विचार अर्थात धोक्याचा. विमानप्रवास गाडीपेक्षा सुरक्षित, असं आपण सगळेच म्हणतो. एअरलाइनच्या विमानाबद्दल ते खरं आहे. तिथे दोन पायलट असतात, दोघांची ठरावीक मुदतीने कसून परीक्षा होते, जमिनीवर हवामान बघणारी, मार्ग आखणारी माणसं असतात आणि एखादं इंजिन बंद पडलं तरी विमान उडत राहतं. मित्राच्या विमानात यातलं काही नाही. हवामान बघणारा तोच, पेट्रोल मोजणारा तोच, जायचं की नाही ठरवणाराही तोच. अमेरिकेत अशा लहान खासगी विमानांच्या दर एक लाख उड्डाणतासांमागे साधारण एक जीवघेणा अपघात होतो, असं तिथली सरकारी आकडेवारी वर्षानुवर्षं सांगते आहे. मैलांत हिशेब केला तर हा धोका चारचाकीच्या कितीतरी पट होतो आणि दुचाकीच्या दिशेने सरकतो. पुण्यात रोज दुचाकीवर फिरणाऱ्या माणसाला हा आकडा ऐकून धडकी भरायचं कारण नाही. पण 'विमान म्हणजे सुरक्षितच' हा समज इथे चालत नाही, एवढं नक्की.

मात्र हा आकडा सगळ्यांचा मिळून आहे. त्यात महिनोन् महिने विमानाला हात न लावलेला माणूसही येतो आणि दर आठवड्याला उडणारा काटेकोर माणूसही. माझा मित्र यातला कुठला, हे आकडा सांगत नाही.

लहान विमान म्हटलं की सगळे एकच विचारतात, इंजिन बंद पडलं तर? मलाही तीच भीती होती. पण इंजिन बंद पडलं म्हणून विमान दगडासारखं खाली येत नाही. सेसना १७२ उंचीच्या साधारण नऊ पट अंतर तरंगत जातं. तीन हजार फुटांवर असाल आणि वारा शांत असेल तर आठेक किलोमीटरच्या टप्प्यात शेत, मैदान, रस्ता शोधायला काही मिनिटं मिळतात आणि ताशी शंभरेक किलोमीटरच्या वेगाने ते खाली उतरवता येतं. पायलटकडून याचा सराव लायसन्सच्या आधीच करून घेतात. जीवघेण्या अपघातांची कारणं बहुतेकदा माणसाच्या निर्णयात सापडतात. ढगात शिरणं, अंधारात जाणं, वजन जास्त घेणं, पेट्रोल पुरेल असं धरून चालणं. आणि यातल्या पुष्कळ निर्णयांमागे कुणीतरी पोचायची वाट बघत असतं.

बहिणीच्या घरापासून पाऊण तासावर फेअरफिल्ड म्हणून गाव आहे. तिथल्या एसेक्स काउंटी विमानतळावरून १६ जुलै १९९९ च्या रात्री साडेआठनंतर राष्ट्राध्यक्ष केनेडींचे चिरंजीव जॉन एफ. केनेडी (ज्युनियर) यांनी स्वतःचं विमान उडवलं. बरोबर पत्नी कॅरोलिन आणि तिची बहीण लॉरेन बेसेट. दुसऱ्या दिवशी केनेडींच्या चुलतबहिणीचं लग्न होतं. लॉरेनला वाटेत मार्थाज व्हिनयार्ड बेटावर सोडायचं आणि पुढे लग्नघरी जायचं, असा बेत होता. निघायला उशीर झाला, अंधार पडला. समुद्रावर धूसर हवा होती. केनेडींना लायसन्स मिळून सव्वा वर्ष झालं होतं. बाहेरचं काही न दिसता केवळ उपकरणांवर विमान चालवण्याची, म्हणजे इन्स्ट्रुमेंट रेटिंगची, परवानगी त्यांच्याकडे नव्हती. बरोबर येऊ का, असं एका प्रशिक्षकाने विचारलं होतं, तेव्हा 'मला एकट्यालाच जायचंय' असं ते म्हणाल्याची नोंद चौकशी अहवालात आहे. बेट जवळ आलेलं असताना विमान समुद्रात कोसळलं. रात्री पाण्यावरून खाली उतरताना दिशाभ्रम झाला आणि विमानावरचा ताबा सुटला, हा अहवालाचा निष्कर्ष.

दिशाभ्रम हा शब्द ऐकून वाटतं, रस्ता चुकला असेल. तसं नाही. क्षितिज दिसेनासं झालं की शरीराचा तोल सांभाळणारा आतला कान खोटं सांगू लागतो. विमान कलत असतं आणि माणसाला वाटतं आपण सरळ चाललो आहोत. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात उपकरणांवर उडण्याचं शिक्षण नसलेल्या वीस जणांवर प्रयोग झाला. बाहेरचं काही दिसणार नाही अशी व्यवस्था करून त्यांना विमान चालवायला दिलं. विसांपैकी एकालाही ताबा राखता आला नाही. ताबा सुटायला सरासरी १७८ सेकंद लागले. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. यात हुशारी, धाडस, आत्मविश्वास यांचा काही उपयोग नसतो. शिक्षण लागतं, किंवा न जाण्याची तयारी लागते.

केनेडींबद्दल जगभर लिहिलं गेलं. मी मात्र पुन्हा पुन्हा लॉरेनचा विचार करत राहिले. ती चौतीस वर्षांची होती, आपल्या नोकरीत पुढे गेलेली होती आणि बहिणीच्या नवऱ्याच्या विमानातून तिला एका बेटावर उतरायचं होतं. आपल्याकडचंही एक नाव असंच मागे पडलं आहे. २३ जून १९८० ला दिल्लीत कसरती करताना संजय गांधींचं पिट्स विमान कोसळलं, हे माझ्या पिढीला लख्ख आठवतं. त्याच विमानात दिल्ली फ्लाइंग क्लबचे प्रशिक्षक कॅप्टन सुभाष सक्सेना होते आणि तेही गेले, हे किती जणांना आठवतं? शेजारच्या सीटवरच्या माणसाचं नाव इतिहासात लहान अक्षरात येतं. पण जीव त्याचाही तेवढाच असतो, आणि नको म्हणायचा अधिकारही.

म्हणून मी मित्राला फोन केला आणि जे विचारणं पाहुण्याला शोभत नाही ते सगळं विचारलं. तिथल्या नियमानुसार प्रवासी घेऊन उडायचं तर मागच्या नव्वद दिवसांत किमान तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झालेली लागतात. तुझी झालीत का? दर दोन वर्षांनी प्रशिक्षकाबरोबर उजळणी करावी लागते, ती कधी केलीस? विमानाची वार्षिक तपासणी कधी झाली? इन्स्ट्रुमेंट रेटिंग आहे का? आणि शेवटी, "तू कधी परत फिरला आहेस का?"

पलीकडे क्षणभर शांतता. मला वाटलं, दुखावला. मग तो म्हणाला, "अगं, इतक्या लोकांना घेऊन गेलो, पण हे कुणी विचारलंच नाही. सगळे विचारतात, खिडकीतून फोटो चांगला येईल ना?"

मग त्याने एकेक सांगितलं. लँडिंग गेल्याच रविवारी केली होती आणि नव्वद दिवसांत तीन हा नियम त्याच्या मते फारच ढिला आहे. इन्स्ट्रुमेंट रेटिंग आहे, पण अलीकडे त्याचा सराव कमी झाला आहे, म्हणून ढगात जायचं नाही असं बंधन त्याने स्वतःला घालून घेतलं आहे. परत फिरण्याबद्दलही त्याने सांगितलं. मागच्या पानगळीत बायकोला घेऊन व्हरमाँटला निघाला होता. अर्ध्या वाटेवर ढग खाली येऊ लागले. त्याने जवळच्या विमानतळावर विमान उतरवलं, भाड्याची गाडी घेतली आणि मध्यरात्री घरी आला. हॉटेलचे पैसे बुडाले, बायको दोन दिवस नीट बोलली नाही, विमान आणायला पुढच्या आठवड्यात पुन्हा जावं लागलं. हे तो जसं घडलं तसं सांगत होता. त्यात बढाई नव्हती, खंतही नव्हती. माझ्या दृष्टीने त्याच्या सगळ्या लायसन्सपेक्षा ही हकीकत मोलाची होती.

पेट्रोलचा खर्च मी देऊ का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "पूर्ण नाही घेता येणार, कायदाच आहे. आपापला वाटा तेवढा चालतो." खासगी लायसन्सवर पैसे घेऊन माणसं नेता येत नाहीत, हा नियम मोडणारे पुष्कळ असतात. तो पाळणारा माणूस बाकीचेही पाळत असेल, असं मी धरलं.

तरी लगेच हो म्हटलं नाही. आधी एकदा विमान नुसतं बघायला येते, असं सांगून गेले. ते जवळून फारच साधं दिसतं. दार जुन्या फियाटच्या दारासारखं हलकं, आत दोघांचे खांदे एकमेकांना लागतील एवढीच जागा. तो त्या सकाळी पाहुण्यांशिवाय उडणार होता, त्याची तयारी मी शेजारी उभी राहून पाहिली. एका पारदर्शक नळीत त्याने पंखाखालच्या झडपेतून थोडं पेट्रोल काढलं आणि उन्हात धरलं. फिकट निळा रंग. तळाशी पाण्याचा थेंब दिसतो का ते बघायचं, कारण रात्रीच्या दमटपणाने किंवा झाकणातून झिरपून टाकीत पाणी येऊ शकतं आणि पाण्यावर इंजिन चालत नाही. मग शिडीवर चढून टाकीत मोजपट्टी बुडवली. "काटा आहे ना समोर?" मी विचारलं. "आहे, पण विश्वास पट्टीवर," तो म्हणाला. हातात चेकलिस्ट होती. सगळं तोंडपाठ असूनही तो प्रत्येक ओळ वाचत होता आणि त्या त्या भागाला हात लावत होता. मध्येच मी काहीतरी विचारलं. त्याने उत्तर दिलं आणि मग यादी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केली. कुठे थांबलो होतो हे त्याला आठवत असणार, तरी त्याने पहिल्यापासून सुरू केलं. मी नंतर एक शब्द बोलले नाही.

तिथेच माझं मन वळलं. त्याच्याबद्दलचा प्रश्न सुटला आणि राहिला तो माझ्या बाजूचा. कारण पायलटवर येणारं दडपण बहुतेकदा मागच्या आणि शेजारच्या सीटवरून येतं. 'संध्याकाळी सात वाजता कार्यक्रम आहे हं', 'एवढ्या लांबून आलोय', 'बघ ना, जाता येईल' ही वाक्यं प्रेमाने बोलली जातात आणि ऐकणारा माणूस आपला मित्र असतो, म्हणूनच ती त्याला टाळता येत नाहीत. त्यामुळे शनिवारी मी पुढे काहीही ठरवलेलं नाही. बहिणीला सांगितलं, जेवायला थांबू नका. भाच्यालाही सांगितलं की कुठल्याही क्षणी बेत रद्द झाला तर तोंड पाडायचं नाही.

वजनाचा मुद्दा मित्रानेच काढला. "खरं वजन सांग, कपडे, बूट, पर्स सगळं धरून." त्याच्या विमानाचं उड्डाणावेळचं एकूण वजन सुमारे १०४० किलोच्या वर जाऊन चालत नाही. त्यातून विमानाचं स्वतःचं आणि भरल्या टाक्यांचं वजन वगळलं की सीट चार असल्या तरी चार मोठी माणसं बसवता येत नाहीत. आपल्याकडे वजन विचारणं उद्धटपणाचं आणि दोन-चार किलो कमी सांगणं सर्रास चालतं. इथे मी काट्यावर उभी राहून आकडा कळवला. बहिणीने बांधून दिलेला लाडवांचा डबाही त्यात मोजला.

नवऱ्याबरोबरचं बोलणं जास्त अवघड होतं. आम्हाला दोन मुलं आहेत, मोठी आहेत, पण आई-वडील दोघं एकाच लहान विमानात कशाला, हा त्याचा प्रश्न मला योग्य वाटला. आधी मला तो भित्रेपणा वाटला असता. आकडे वाचल्यावर तसं वाटलं नाही. विम्याची कागदपत्रंही त्यानेच काढून वाचली आणि खासगी विमानातल्या प्रवासाबद्दल कंपनीला लेखी विचारायला लावलं. तू जा, मी येणार नाही, असं तो म्हणाला. मग दुसऱ्या दिवशी स्वतःच एक तोडगा घेऊन आला.

तर आता असं ठरलं आहे. शनिवारी सकाळी, ढग आणि वारा मित्राच्या मनासारखे असले तर, मी त्याच्या शेजारी बसणार. रात्रीचं उड्डाण नाही, समुद्रावरून जवळची वाट नाही, किनाऱ्याच्या आतून जायचं. आणि नवरा भाच्याला घेऊन पहाटेच गाडीने केप मेला निघणार. जेवण झाल्यावर हवा बिघडली, किंवा मित्राला नुसतं थकल्यासारखं वाटलं, तर विमान तिथेच बांधून ठेवायचं आणि सगळ्यांनी गाडीने परत यायचं. मित्राला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "गाडी येतेय ना? मग मला फार बरं पडेल."