मोर्स शिकवा, पण दारात आडवी घालू नका

माझे अब्बा तारमास्तर होते. तालुक्याच्या पोस्टात यंत्राची कडकट्ट सुरू झाली की ते हातातला चहा खाली ठेवून पेन्सिल उचलत. मग समोर कुणी सलाम करून उभं राहिलं तरी त्यांना पत्ता नसे. निवृत्तीनंतरही जेवताना त्यांची बोटं दस्तरखानावर वाजत राहायची आणि अम्मी विचारायची, "आज कुणाला तार?" मोर्स मी त्यांच्याच मांडीवर शिकलो. जुलै 2013 मध्ये देशातली तारसेवा बंद झाली तेव्हा आमच्या घरात मयत झाल्यासारखी शांतता होती.

हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून "मास्तरांना मोर्सची कदर नाही" असं कुणी म्हणू नये. कदर आहे, म्हणूनच सांगतो की हौशी रेडिओच्या परवान्यासाठी मोर्सची सक्ती नको.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. हौशी रेडिओ म्हणजे ज्याला लोक 'हॅम' म्हणतात ते. परीक्षा द्यायची, सरकारी परवाना आणि स्वतःचं संकेतनाव घ्यायचं आणि घरच्या संचावरून जगाशी बोलायचं. पैसे कमावण्याचा यात संबंध नाही. राजीव गांधीही हॅम होते. 26 डिसेंबर 2004 ला त्सुनामी आली तेव्हा काही हॅम योगायोगाने पोर्ट ब्लेअरमध्येच संच मांडून बसले होते. फोन बंद पडले, तेव्हा अंदमानची खबर मुख्य भूमीवर पोचवायला त्यांचा फार उपयोग झाला. म्हणजे हा नुसता श्रीमंतांचा छंद नाही.

पूर्वी आंतरराष्ट्रीय नियमच असा होता की 30 मेगाहर्ट्झखालच्या, म्हणजे दूरवर जाणाऱ्या लहरी वापरायच्या तर मोर्स आलीच पाहिजे. त्यामागे कारण होतं. त्या लहरींवर जहाजांची वाहतूक मोर्समध्ये चाले आणि हौशी माणसाला निदान धोक्याची हाक समजावी, अशी अपेक्षा होती. पण 1999 च्या फेब्रुवारीत जहाजांच्या संकटसंदेशांची व्यवस्था मोर्सवरून उपग्रह आणि स्वयंचलित यंत्रणेवर गेली. 2003 साली जिनिव्हाच्या जागतिक रेडिओ परिषदेने ही अट प्रत्येक देशाच्या मर्जीवर सोडली. ब्रिटनने त्याच वर्षी ती काढली, अमेरिकेने 2007 साली. आपल्याकडे 2009 च्या दुरुस्तीने अर्धंच दार उघडलं. मोर्सशिवायचा 'रिस्ट्रिक्टेड' वर्ग आला, पण पूर्ण सवलतींच्या 'जनरल' वर्गासाठी मिनिटाला 8 शब्दांची अट राहिली.

आठ शब्द म्हणजे काय, तर पाच अक्षरांचा एक शब्द धरून मिनिटाला 40 अक्षरं. अब्बांसाठी हा झोपेतला वेग होता. पण माझ्या एका विद्यार्थिनीचं सांगतो. उर्दू माध्यमाची मुलगी. जुन्या ट्रान्झिस्टरची उलटापालट करत वाढलेली. अँटेनाची लांबी ती पाढ्यासारखी सांगायची. रात्रभर एसटीने प्रवास करून ती बापाबरोबर परीक्षेला गेली. लेखी पेपर सुटला, मोर्स ऐकून लिहिण्यात नापास झाली.

का झाली? इंग्रजीत मुरलेल्या माणसाला टी, एच ऐकू आलं की पुढचा ई तो कानाआधी मनाने लिहितो. एखादं अक्षर निसटलं तरी शब्द त्याला सावरून घेतो. माझ्या मुलीला प्रत्येक अक्षर सुटं झेलावं लागत होतं. परत आल्यावर ती म्हणाली, "सर, मी विजेत पास झाले, स्पेलिंगमध्ये नापास झाले." माझ्याकडे उत्तर नव्हतं. मराठी शाळेतल्या पोराचंही हेच होणार.

बी.एड.ला मूल्यमापनाचा पहिला धडा असतो: जे मोजायचं तेच परीक्षेने मोजावं. माईकवर बोलण्याचा परवाना देताना कडकट्ट मोजणं या धड्यात बसत नाही. मोडी वाचता येत नाही म्हणून आपण कुणाला मराठीचा शिक्षक होण्यापासून अडवत नाही. नस्तालीक कित्याने लिहिता येत नाही म्हणून उर्दूच्या मास्तराची नोकरी जात नाही.

आता दुसरी बाजू. जुने हॅम म्हणतात, थोड्या शक्तीत, गोंगाटातून मोर्स जिथे पोचते तिथे आवाज पोचत नाही. अगदी खरं आहे. बोलण्याला लागते त्याच्या कितीतरी कमी जागेत मोर्स मावते आणि साध्या घरगुती संचावरही चालते. पण उपयोगी असणं हे शिकण्याचं कारण झालं, अडवण्याचं नव्हे. आणि क्षीण संकेतांचीच गोष्ट असेल तर 2017 साली आलेली एफटी-8 ही संगणकी पद्धत कानाला न कळणारे संकेतही टिपते. तिची सक्ती करा असं कुणी म्हणत नाही.

दुसरा मुद्दा शिस्तीचा. मोर्सची चाळणी काढली तर हवशे-गवशे घुसतील म्हणे. साहेब, बोटांच्या सरावावरून माणसाची तमीज कळत असती तर आम्ही शाळेत तबल्यावर प्रवेश दिले असते. चाळणी हवीच असेल तर कामाची लावा. उमेदवाराला अँटेना जुळवायला सांगा. शेजाऱ्याच्या टीव्हीत खरखर येऊ लागली तर काय करशील, विचारा. गोंगाटातून आलेला मदतीचा निरोप त्याच्याकडून एकही आकडा न चुकता लिहून घ्या. पुरात किंवा भूकंपात याच गोष्टींवर जीव अवलंबून असतो.

तिसरी भीती, सक्ती गेली की मोर्स मरेल. अमेरिकेने सक्ती काढून इतकी वर्षं झाली, तरी 7 मेगाहर्ट्झच्या खालच्या टोकाला रात्री संच लावा, डिट-डा ऐकू येईल. ती वाजवणारे आवडीने वाजवतात. कुठली भाषा परीक्षेच्या धाकाने जगते? उर्दू शिकवत इतकी वर्षं काढली, धाकाने शिकलेलं पोर निकालाच्या दुसऱ्या दिवशी पुस्तक रद्दीत देतं.

म्हणून मागणी साधी आहे. जनरल वर्गातून मोर्सची अट काढा. ज्याला हवी त्याच्यासाठी मोर्सचं वेगळं प्रमाणपत्र ठेवा, मानाचं ठेवा.

ती मुलगी हल्ली रविवारी माझ्याकडे येते. परीक्षेचं नाव काढत नाही. अब्बांची पितळी कळ मी कपाटातून काढली आहे, तिच्यावर ती स्वतःचं नाव वाजवते. परवा तिने पहिल्यांदा माझंही वाजवलं, एक अक्षर चुकवून. मी दुरुस्त केलं नाही.