राखून ठेवलेली वाटी

वर्षभर या पानावर मी तुम्हांला आमट्या, उसळी आणि भाकऱ्या सांगत आले. दिवाळी अंकासाठी संपादक म्हणाले, "या खेपेला काहीतरी गोडाचं होऊ द्या." तेव्हा अनारसे सांगायचे ठरवले. पण अनारसे सांगायचे म्हणजे त्यांच्यामागची एक जुनी गोष्टही सांगायला हवी, आणि ती माझ्या सुगरणपणाला फारशी शोभणारी नाही. पन्नासांहून अधिक वर्षे ती पोटात ठेवली. आता वयाची ऐंशी गाठल्यावर लाजायचे ते कुणाला?

मला स्वयंपाक शिकवला तो पुराने. माझे माहेर पुण्यात शनिवार पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा मी सोळा वर्षांची होते. नेसत्या वस्त्रांनिशी आम्ही बाहेर पडलो. पाणी ओसरल्यावर परत येऊन पाहतो तो मागची भिंत बसलेली, तांदळाच्या डब्यात चिखल भरलेला, आणि आईची पितळी परात मात्र माजघराच्या दारात अडकून राहिलेली. सदाशिव पेठेतल्या एका दूरच्या मावशींनी आपली एक खोली आम्हांला दिली. त्या खोलीत, त्याच परातीवर, आईने विद्यार्थ्यांचे डबे सुरू केले.

पहिले काही दिवस डब्यात दोनच पदार्थ असत, पिठले आणि भात. आईचे पिठले असे. वाटीभर डाळीच्या पिठाला तीन वाट्या पाणी. तेलात मोहरी, हिंग, हळद, चार ठेचलेल्या लसूणपाकळ्या, दोन मिरच्या आणि एक बारीक चिरलेला कांदा परतायचा, पाणी आणि मीठ घालून चांगले खळखळ उकळायचे, आणि मग एका हाताने पीठ वैरत दुसऱ्या हाताने घोटायचे. हात थांबला की गुठळी झालीच. वरून कोथिंबीर घालून झाकण ठेवायचे आणि मंद आचेवर दोन वाफा आणायच्या. हे करताना आई नेहमी म्हणे, "पीठ थोडं हातचं राखावं, सैल झालं तर उपयोगी पडतं. पण कुणाला शिकवताना मात्र हातचं राखू नये." पहिले वाक्य मी जन्मभर पाळले. दुसऱ्याचे काय झाले तेच आज सांगायचे आहे.

१९६६ साली माझे लग्न झाले. सासरी मी मोठी सून. डब्यांवर घासून तयार झालेला हात, त्यामुळे वर्षभरातच आळीत माझे नाव झाले. दिवाळी आली की, "आमचे अनारसे हसायला लागलेत, जरा येता का?" असे निरोप यायचे. नव्या मुलींना हे हसणे ठाऊक नसेल म्हणून सांगते. तुपात सोडल्यावर अनारसा विरघळून पसरतो, त्याचा भुगा होतो, याला 'अनारसा हसला' असे म्हणतात. तो हसला की करणारणीला रडू येते! मी जायची, पीठ पाहायची, काहीतरी करायची आणि अनारसे सावरून परत यायची. काय केले ते कुणाला कळू देत नसे.

१९६९च्या उन्हाळ्यात धाकट्या दिरांचे लग्न झाले. जाऊ नागपूरची, बी. ए. झालेली, गोड गळ्याची. घरात आली आणि सगळे घर तिच्याभोवती फिरू लागले. सासूबाई पोथी तिच्याकडून वाचून घेऊ लागल्या. मामंजी वर्तमानपत्रातली बातमी तिला विचारू लागले. मी मॅट्रिकही नव्हते. माझ्यापाशी होता तो एवढा स्वयंपाक.

दिवाळी आली तशी ती वही-पेन्सिल घेऊन माझ्याजवळ बसली. "वहिनी, यंदाचे अनारसे मला करू द्या ना. तुम्ही सांगा, मी लिहून घेते." मी सांगितले. तांदूळ किती, गूळ किती, दिवस किती, सगळे बरोबर सांगितले. फक्त एक वाटी सांगितली नाही.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी तिने पहिला अनारसा तुपात सोडला आणि तो हसला. दुसरा हसला, तिसराही हसला. नणंदा माहेरपणाला आलेल्या, त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. सासूबाई म्हणाल्या, "पुस्तकं वाचून जाळी पडत नसते हो अनारशाला." तिच्या डोळ्यांत पाणी आले, पण ती बोलली काही नाही. मी मोठेपणाचा आव आणून म्हटले, "जा गं, तू बाहेर पणत्या लाव. मी बघते." ती गेल्यावर मी फळीवरून माझा छोटा डबा काढला, त्यातली कोरडी पिठी तिच्या पिठात मळली आणि तासाभराने ताटभर जाळीदार अनारसे बाहेर आणून ठेवले. सगळ्यांनी माझी वाहवा केली. त्या रात्री अनारसा काही माझ्या घशाखाली उतरला नाही. पण मी बोललेही नाही.

पुढे १९७१मध्ये मला विषमज्वर झाला. तीन आठवडे अंथरुणावर होते. घरचे सगळे तिने एकटीने केले. मी बरी झाल्यावर तोंडाला चव यावी म्हणून तिने तिच्या माहेरचा गोळाभात केला. मी कृती विचारली, तर माझ्याशेजारी बसून तिने अथपासून इतिपर्यंत सांगितली. हरभऱ्याच्या डाळीचा जाडसर भरडा एक वाटी, त्यात तिखट, मीठ, हळद, हिंग आणि दोन चमचे कडकडीत तेलाचे मोहन. पाण्याचा नुसता हात लावून लिंबाएवढे गोळे वळायचे. दोन वाट्या तांदळाचा भात मोकळा शिजत आला, पाणी वर दिसेनासे झाले, की गोळे त्यात खुपसायचे, झाकण ठेवायचे आणि मंद आचेवर दहा-बारा मिनिटे वाफ द्यायची. पानात गोळा भातात कुस्करायचा आणि वरून मोहरी, हिंग, लाल मिरची यांची गरम फोडणी घ्यायची. सांगून ती उठली, दारापर्यंत गेली आणि परत फिरली. "वहिनी, एक राहिलंच बघा. गोळे घट्ट वळू नका, नाहीतर आत कच्चे राहतात." तेवढ्यासाठी ती परत आली होती! तेव्हा तरी मी माझ्या वाटीचे सांगायला हवे होते. जीभ उचलली नाही.

त्याच सुमारास, १९७० साली, कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा' निघाले आणि वाटी-चमच्यांच्या मापाने मुली आपापल्या स्वयंपाक शिकू लागल्या. जावांच्या मर्जीवर अवलंबून राहायचे दिवस सरले. आमची बिऱ्हाडेही पुढे वेगळी झाली. मी फराळाच्या ऑर्डरी घेऊ लागले, ती शाळेत शिकवू लागली. दर दिवाळीला तिच्याकडून माझ्या घरी डबा यायचा. त्यात चकली, चिवडा, करंजी सारे असे. अनारसे मात्र कधी नसत. मी समजत होते, तिने अनारशांचा धसकाच घेतला.

गेल्या माघात ती गेली. तिची नात तिची वही घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "मोठी आजी, आजीचे अनारसे मला शिकवशील? ती करायची ते सगळ्यांना फार आवडायचे." मी चकित झाले. वही उघडली. पेन्सिलीने लिहिलेली, मी सांगितलेली कृती होती. तिच्याखाली शाईने, तिच्या सुबक अक्षरात एक ओळ होती. "वाटीभर कोरडी पिठी बाजूला ठेवावी. वहिनी ठेवतात."

म्हणजे त्या संध्याकाळी पणत्या लावताना तिने खिडकीतून पाहिले होते. पुढे ती उत्तम अनारसे करत होती, आणि माझा मान राहावा म्हणून माझ्या घरी मात्र पाठवत नव्हती. एवढ्या वर्षांत एका शब्दाने तिने ते मला जाणवू दिले नाही. मी कृती राखली, तिने माझी अब्रू राखली.

तर आता अनारसे, काही न राखता.

जुने तांदूळ घ्यावेत, नवे चिकट होतात. तीन दिवस भिजवावेत आणि पाणी रोज बदलावे. चौथ्या दिवशी उपसून पंचावर सावलीत पसरावेत, आणि हाताला किंचित ओलसर लागत असतानाच कुटून किंवा मिक्सरवर दळून बारीक चाळावेत. या पिठीतली वाटीभर बाजूला काढून सुकवून ठेवावी. उरलेल्या अर्धा किलो पिठीला चारशे ग्रॅम किसलेला चिकीचा नसलेला गूळ आणि चमचाभर तूप घालून मळावे, गोळा करून डब्यात घट्ट दाबून पाच-सहा दिवस ठेवावा. मग खसखशीवर पुरीएवढा थापावा आणि खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवर तुपात सोडावा. उलटू नये, झाऱ्याने वर तूप उडवावे. बदामी झाला की काढून उभा निथळत ठेवावा.

आधी एकच तळून पाहावा. हसला, तर गूळ जास्त झाला असे समजावे आणि राखलेल्या पिठीतली थोडी मळून घालावी. कडक झाला, तर पिकल्या केळ्याचा लहान तुकडा कुस्करून मळावा.

यंदा वसुबारसेच्या आधीच नात येणार आहे. पहिला घाणा तिने तळायचा, मी नुसते शेजारी बसायचे, असे ठरले आहे. फळीवरचा तो छोटा डबा मी आत्ताच खाली काढून तिच्या हाताशी येईल असा ठेवला आहे.

तुम्हां सर्वांना ही दिवाळी सुखाची जावो.